उजवीकडची बटनं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. माझ्या शिलाई मशीनखाली दिवसभर चिंध्या पडतात. संध्याकाळी झाडून काढाव्या म्हटलं तर एखादी हातात राहते, रंग बरा वाटतो, ठेवून देते. अशानं एक पोतं भरलं! अनवरभाईंच्या दुकानाचे किस्से माझ्याकडं असेच साठले. हसायचे म्हणून सांगायला घेते अन् मधेच पदर डोळ्यांशी जातो. तरी सांगते. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हे अख्ख्या वारंगा फाट्याला माहीत आहे.

माझं पिको-फॉलचं दुकान, त्याला लागून अनवरभाईंचं कॉम्प्युटरचं. मधे फक्त एक पत्रा. मी कान लावत नाही, कान आपोआप लागतो! अनवरभाई वेबसाईट बनवतात. हळदीचे व्यापारी, ट्युशनवाले, मंगल कार्यालयवाले, सगळ्यांची पानं तेच लिहितात अन् तेच दुरुस्त करतात. सोबतीला ज्योती. रोज कळमनुरीहून येते, कॉम्प्युटरचं शिकलेली, जिभेनं तिखट. मी नववीपर्यंत शिकले. कॉम्प्युटरचं जे काही मला येतं, ते पत्र्यातून आलेलं आहे.

*

अनवरभाईंचं जुनं सॉफ्टवेअर एक दिवस चालेनासं झालं. पानं लिहायला नवं निवडायचं ठरलं. ज्योतीनं एक आणलं. माऊसनं फोटो उचला, पाहिजे तिथं ठेवा, समोर जसं दिसतं तसंच पान तयार! अनवरभाईंनी तासाभरात नापास केलं.

"याच्यात सेव्हचं बटनच दिलं न्हाई."

दुसरं आणलं. "याच्यात रंगाचं बटन न्हाई."

तिसऱ्याला तर भडकलेच. "कसले लोक हायेत हे? एवढं मोठं सॉफ्टवेअर बनवतात अन् बटनं द्यायला विसरतात!"

ज्योती खळखळून हसली. "भाई, मस्करी करून राहिले का? सगळी बटनं उजवीकडं हायेत."

"उजवीकडं कुठं?"

"हे काय! लाल! एवढं मोठ्ठं!"

मी मशीन थांबवलं अन् पत्र्याच्या फटीतून पाहिलं. नमाज संपताना फिरवतात तशी अनवरभाईंनी अख्खी मान उजवीकडं फिरवली. थोडा वेळ तशीच ठेवली.

"व्हय की," ते म्हणाले. "हायेत."

नांदेडच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. यात म्हणे नजर कडेकडेनं जाते, मधली शेवटी. गेलेली परत येत नाही, राहिलेली थेंब टाकून धरून ठेवायची. तिन्ही सॉफ्टवेअर चांगली होती!

*

हे मला कळलं त्या दुपारी मी शबानाभाभींना सांगितलं. अनवरभाईंची बायकोच ती, तिला कळायलाच पाहिजे ना? मग शेजारच्या खिचडीवाल्याच्या बायकोला सांगितलं, ती विश्वासाची म्हणून. मग एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं माप घेता घेता निघून गेलं तोंडातून. आठवडी बाजारापर्यंत सगळ्या फाट्याला खबर!

अनवरभाई माझ्या दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"सुमनताई, पान लिहिलं की आमी आधी ड्राफ्टमधे ठेवतो. दोनदा वाचतो. मंग पब्लिश करतो. तुमच्या तोंडाला ड्राफ्ट न्हाईच का?"

त्याच आठवड्यात एक हळदीचे शेटजी आले. त्यांची साईट दुकानातली सगळ्यात मोठी. त्यांच्याकडं पाहून बाकीच्या आडतवाल्यांनी साईटी करून घेतल्या होत्या. ते गेले असते तर बाकीचे गेले असते, अन् अनवरभाईंना शटर ओढावं लागलं असतं. शेटजींनी 'काय कसं' विचारलं नाही. सरळ हात पुढं केला. "भाई, किती बोटं?"

ज्योतीच्या हातातला चहा सांडला.

"दोन," अनवरभाई म्हणाले. मधली नजर अजून शाबूत होती त्यांची. "अन् नखात हळद हाय. धून घ्या, शेटजी."

*

पुसेगावचे कुंडलिकदादा शेळ्या-मेंढ्यावाले. त्यांच्या पोरीनं हट्ट धरला म्हणून कळपाची वेबसाईट करायला आले. पान अनवरभाईंनी केलं, नमुन्याच्या तयार पानावर. मधे दादांच्या शेळ्या, दादांचा फेटा, सगळं झकास. इंटरनेटवर चढवलं!

पंधरा दिवसांनी दादा काठी टेकवत हजर. "भाई, हे मेंढरू माह्या कळपात कवा आलं?"

पानाच्या अगदी डाव्या कडेला नमुन्यातलं एक परदेशी मेंढरू राहून गेलं होतं. कापसाच्या गंजीएवढं, पांढरंफेक, पायाखाली बर्फ!

"आं? कुठं हाय?" अनवरभाई म्हणाले अन् स्क्रीनवर शोधायला लागले.

"परभणीहून फोन यून राहिले! दुसरं काईच नको, म्हणतात, तेवढं पांढरं द्या. आता मी बर्फ कुठून आणू?"

ज्योती हसली, मी हसले. दादा मात्र अनवरभाईंच्या मानेकडं बघत राहिले. ती हळूहळू डावीकडं सरकत होती अन् तरी मेंढरू सापडत नव्हतं. दादांनी काठी भिंतीला लावली, खाली बसले.

"माह्या बापाची नजर अशीच गेली," ते म्हणाले. "पण कळप त्यानं सोडला न्हाई. परत्येकीच्या गळ्यात निराळी घंटी. आवाजावरनं सांगायचा, कोण लंगडती अन् कोण मागं राह्यली."

"अन् घंटी वाजली न्हाई तर?" अनवरभाईंनी विचारलं.

"तर ते मेलं म्हणायचं."

*

एक दिवस पत्र्यातून बाईचा आवाज आला. ज्योतीचा नाही, भाभींचा नाही. हिंदी वळणाचं मराठी, अन् थांबायचं नावच नाही! हातातली साडी अर्धी तशीच टाकून मी पळाले. पाहते तर भाभी माझ्या आधी येऊन उभ्या.

"ही कोण बाई हाय?" भाभींनी विचारलं.

"कॉम्प्युटर हाय, भाभी," ज्योती म्हणाली. कुंडलिकदादांचं ऐकून तिनं शोधून काढलं होतं. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. कळप आवाजावर चालतो तर पान काहून चालणार नाही?

मग पुन्हा सॉफ्टवेअरची निवड सुरू झाली. तेच माऊसनं उचलायचं सॉफ्टवेअर उघडलं. बाई बोलायला लागली, "बटन. बटन. बटन. चित्र. बटन. बटन." कुठलं बटन कशाचं, ते त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिलंच नव्हतं, मग ती बिचारी काय वाचणार? अनवरभाईंनी कपाळावर हात मारला.

"हे सॉफ्टवेअर हाय का सुमनताईचं दुकान? नुस्ती बटनं!"

मग ज्योतीनं एक अगदी साधं उघडलं. काळं पान, त्यावर फक्त अक्षरं. माऊस नाही, चित्र नाही, सगळं कोडमधे हातानं लिहायचं. तिथं बाई सरळ वाचायला लागली, ओळीमागून ओळ, एक खूण न सोडता.

भाभींनी ऐकून घेतलं. जाता जाता म्हणाल्या, "या बाईला डोळ्यात थेंब टाकायची याद द्यायला सांग. माझं तर ऐकत न्हाई हा माणूस."

त्या हसून बोलल्या. दाराबाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् अशा रडल्या की माझं ब्लाऊज भिजलं.

*

आता भांडण लागलं. अनवरभाईंना अक्षराचं सॉफ्टवेअर पाहिजे, गिऱ्हाइकांना चित्राचं. "आमाला समोर दिसलं पाह्यजे, आमी बी बदल करू," असं त्यांचं म्हणणं. शेटजींनी तर ज्योतीला सरळ विचारलं, "नांदेडला आमच्या पाव्हण्याचं ऑफिस हाय. येती का? इथं काय ऱ्हायलं आता?"

ज्योतीनं तीन दिवस उत्तर दिलं नाही. अनवरभाईंनी विचारलं नाही. पत्र्याला कान लावून माझा कान दुखायला लागला!

चौथ्या दिवशी ती माझ्याकडं आली. "ताई, काळं कापड हाय का? जाड पाह्यजे."

दिलं. तिनं ते डोळ्यांवर बांधलं, भिंत चाचपत दुकानात गेली अन् अक्षराचं सॉफ्टवेअर उघडून बसली. अनवरभाई जेवायला गेले होते. कानात ती बाई, समोर कीबोर्ड, अन् तोंडातून शिव्या. तासाभरात एक ओळ झाली, तीही चुकीची. मी दारात उभी. मधे एक माणूस झेरॉक्सला आला, तिच्याकडं पाहून माघारी गेला.

अनवरभाई कधी येऊन मागं उभे राहिले, मलाही कळलं नाही.

"जमून राहिलं का?"

ती दचकली, पण पट्टी सोडली नाही. "न्हाई जमत, भाई. तुमाला कसं जमतं?"

"तुला पट्टी सोडता येती ना," ते म्हणाले. "म्हणून जमत न्हाई."

ज्योती नांदेडला गेली नाही. सॉफ्टवेअर अक्षराचंच ठरलं. लिहिणं अनवरभाईंचं, रंगरूप बघणं तिचं. फोन करून शेटजींना तिनंच सांगितलं. ते म्हणाले, "येऊन बघतो. माझ्या समोर एक पान करून दाखवा. मंग ठरवू."

*

येऊन बघायला त्यांना दोन महिने लागले. कारण मधेच त्यांचे वडील गेले. आडत त्यांनीच काढलेली. शेटजी आले ते डोक्याचे केस काढलेले, हातात वडिलांचा एकच फोटो. वेबसाईटच्या पहिल्या पानावर तो लावायचा होता. "मधोमध पाह्यजे," ते म्हणाले. "इकडं न्हाई, तिकडं न्हाई. बराबर मधोमध."

आमच्या ज्योतीचं तोंड उतरलं. मजकूर असता तर गोष्ट वेगळी. फोटो! अन् तोवर अनवरभाईंची मधली नजर पण धुरकट झाली होती. हे घरात भाभींना, दुकानात ज्योतीला अन् पत्र्यापलीकडं मला माहीत होतं. या वेळी मी कुणाला सांगितलं नव्हतं, देवाशपथ.

शेटजी टेबलाच्या पलीकडं बसले. त्यांच्याकडं स्क्रीनची पाठ. मी चहा घेऊन आले अन् अनवरभाईंच्या मागं थांबले, मला कुणी थांब म्हटलं नव्हतं तरी. ज्योतीनं फोटो स्कॅन करून दिला. अनवरभाईंनी कानात बाई घातली, बोटं कीबोर्डवर ठेवली.

"शेटजी, फोटोत काय काय हाय ते सांगा."

"म्हंजे? तुमच्या समोर हाय की!"

"फोटोमागं शब्दांत लिहून ठेवावं लागतं. ज्याला दिसत न्हाई, त्याच्याबी कानावर तुमचे वडील पडले पाह्यजेत."

शेटजी सांगायला लागले. "पांढरा फेटा हाय. जाड भिंगाचा चष्मा. सदऱ्याचं वरचं बटन लावेल हाय, ते नेहमीच लावायचे. हातात हळदीचं कांड हाय, मोडून बघून राहिले." मग फोटो उचलून जवळ धरला. "हसत न्हाईत. पण हसायच्या बेतात हायेत."

अनवरभाई लिहीत होते. कीबोर्डचा आवाज तेवढा चालू होता. शेटजींनी उपरण्यानं डोळे पुसायला म्हणून खुर्ची मागं ओढली. खुर्चीच्या पायात स्क्रीनची वायर अडकली, बोर्डातली पिन निसटली अन् आमच्या डोळ्यांसमोर स्क्रीन काळी झाली. कॉम्प्युटरचा डबा चालू, स्क्रीन बंद.

अनवरभाईंची बोटं थांबली नाहीत.

ज्योतीनं माझ्याकडं पाहिलं. मी ज्योतीकडं. पिन शेटजींच्या पायाजवळ पडलेली. उचलायला वाकलं असतं तर स्क्रीन बंद आहे, हे त्यांना कळलं असतं. आम्ही दोघी तशाच उभ्या. ट्रेमधल्या चहावर साय धरली.

"चढवलं," अनवरभाई म्हणाले. "बघा मोबाईलवर."

शेटजींनी मोबाईल काढला. पान उघडायला वेळ लागला, फाट्यावर नेटवर्क असंच आहे. मग त्यांनी मोबाईल जरा लांब धरला, मग जवळ घेतला, अन् कपाळाला लावला.

"मधोमध हाय," ते म्हणाले. मग मोबाईल खाली घेऊन पुन्हा पाहिला. एकदा डावी कड, एकदा उजवी. व्यापारी माणूस, शंका जात नाही. "का जरासा डावीकडं वाटून राहिला? भाई, तुमच्याकडं मोठा स्क्रीन हाय. तुमाला कसा दिसून राहिला?"

अनवरभाईंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा सावकाश पुसल्या. परत घातला अन् त्या काळ्या स्क्रीनपुढं नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं.

"न्हाई शेटजी," ते म्हणाले. "इथून तर बराबर मधोमध दिसून राहिले. अन् हसले बी."