दातोंच्या घरची गर्दी

अबुधाबीला जाऊन लोक मोठी मशीद बघतात, वाळूत गाडी उडवतात, उंटाशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी मलेशियाचा एक माजी मंत्री बघून आलो. ठरवून नाही. माझं ठरवून काहीच होत नाही. बी.कॉम.सुद्धा मी ठरवून सोडलं नाही, ते आपोआप सुटलं.

झालं असं की माझ्या मावसभावाचा, विनूदादाचा फोन आला. तो गुहागरकडचा, कितीतरी वर्षं आखातात स्वयंपाकी आहे. म्हणाला, "ईदला ये. राहायची चिंता नाही. माझी खोली आहे." 'माझी खोली' हे शब्द तो असे म्हणाला, जसे आपल्याकडे लोक 'माझा बंगला' म्हणतात.

शारजाला उतरलो, कारण तिकडचं तिकीट स्वस्त पडतं. लहानपणी टीव्हीवर बघितलेलं क्रिकेटचं स्टेडियम बघायला गेलो. बंद होतं. मग बाहेरच्या कट्ट्यावर एका केरळी चहावाल्याशी जुन्या षटकारांवर बोलत बसलो आणि बस चुकली. तुम्ही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: ईदच्या आधी शारजातून निघायचं तर सकाळीच निघा. दुपारनंतर अख्खी दुबई घरी परतते आणि रस्ता जागच्या जागी उभा राहतो. पुढची बस मिळाली, अबुधाबीपर्यंत तीसेक दिरहम, म्हणजे आपले सातशेच्या वर. तिथून टॅक्सीने मोहम्मद बिन झायद सिटी. नाव शहराचं, पण आहेत नुसत्या व्हिला, एकीसारखी दुसरी, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दार विनूदादानेच उघडलं. आत शिरलो तर दाराशी दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या.

"कोण निघालंय?"

"कोणी नाही. त्या कायमच्या असतात. दातोंच्या आहेत."

दातो म्हणजे त्याचे मालक. हे नाव नव्हे, तिकडची पदवी आहे, आपल्याकडे पूर्वी रावबहादूर असायचे तशी. मायदेशी सरकार बदललं, मंत्रिपद गेलं, तेव्हा दातो 'कन्सल्टन्सी' करायला इथे आले. कसली कन्सल्टन्सी ते विनूदादाला माहीत नव्हतं. दातोंनाही असावं असं वाटलं नाही.

त्यांची सगळी कारकीर्द हॉलच्या भिंतीवर फोटोंतून टांगलेली होती. विनूदादा रोज ती पुसतो, त्यामुळे त्याला पाठ आहे. "हा पहिला पक्ष. इथं ते युवा आघाडीत होते. हा दुसरा, इथं उपमंत्री झाले. हा तिसरा, इथं मंत्री."

"आणि हा चौथा?"

"तो चौथा नाही रे मेल्या, तो परत पहिलाच. शर्ट बघ ना."

खरंच, शर्टाचा रंग तोच होता. आत माणूस तेवढा रुंद झाला होता.

विनूदादाला ही नोकरी लागली ती नाकामुळे. दातोंना बेलाचान लागतं, म्हणजे कोलंबी आंबवून केलेली वडी. डबा उघडला की आधीचे स्वयंपाकी अंगणात पळायचे. विनूदादाने वास घेतला आणि म्हणाला, आमच्याकडे सुकट असते, तिचीच बहीण दिसते. तेव्हापासून व्हिसा दातोंच्या नावावर आणि मागच्या अंगणात स्वतंत्र खोली. खिडकी, एसी, आतून लावायला कडी. त्याआधी तो मुसफ्फाला लेबर कॅम्पात होता, आठ माणसांच्या खोलीत, वरच्या बंकवर. "तिथं कडी कोणी लावायची आणि कोणाला बाहेर ठेवून?" तो म्हणाला. मला दाखवायला त्याने कडी दोनदा लावली आणि काढली.

आता तीच खोली धोक्यात होती. मलेशियात ईदला पुढारी घर उघडं ठेवतात. ओपन हाउस म्हणतात त्याला. कोणीही यावं, जेवून जावं. किती लोक आले यावरून माणूस अजून चालतो की संपला ते ठरतं. मागच्या ईदला दातोंकडे सहा माणसं आली. त्यातला एक पाण्याच्या बाटल्या द्यायला आलेला. दातो नंतर आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, आणि यंदा म्हणाले होते, पुन्हा तसंच झालं तर हे घर सोडू, गावी जाऊन स्वस्थ बसू.

"ते स्वस्थ बसले की मी परत वरच्या बंकवर," विनूदादा म्हणाला. "गर्दी पाहिजे, गण्या. कुठूनही."

कुठून, ते उघड होतं. मुसफ्फा इथून टॅक्सीने जवळ आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. पर्यटनाच्या कुठल्याही यादीत ही जागा नाही. नुसती गॅरेजं, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस. पण मी तिथल्या एका टपरीवर खाल्लेला मच्छी-भात आख्ख्या ट्रिपमधला सर्वांत चांगला होता, आणि खाताना मी एका साताऱ्याच्या क्रेनवाल्याशी इतका वेळ बोललो की कशाला आलो ते विसरलो. विनूदादा नाही विसरला. त्याने मारुतीनानांना गाठलं. नाना सांगोल्याकडचे, फॅब्रिकेशनमध्ये फोरमन, आणि गावी असताना एका आमदाराच्या सभांना माणसं पुरवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"किती पाहिजेत?" नानांनी विचारलं. का पाहिजेत ते विचारलं नाही.

"चाळीसेक."

"बायका नाहीत. बायकांशिवाय सभा उघडी दिसती."

"सभा नाही हो नाना, जेवण आहे."

"सभा म्हंजे तरी काय असतंय?"

ईदच्या दिवशी कंपनीच्या ड्रायव्हरने बस काढली. सगळे इस्त्रीच्या शर्टात, केसांना तेल. नाना बसमध्ये उभं राहून सांगत होते, "भाषण कळंना म्हणून घाबरू नका. गावाकडं तरी कुठं कळत हुतं. माणूस बोलता बोलता पाणी प्याला थांबला, की टाळी. आवाज चढला, की टाळी. लय हळू बोलायला लागला, तर मान हलवा, तिथं टाळी नको."

व्हिलात विनूदादाने आठवडाभर राबून बेत केला होता. खोबऱ्यात आटवलेलं बीफ, काड्यांवर भाजलेलं चिकन, आणि झावळीच्या पात्यांच्या विणलेल्या चौकोनी डब्यांत शिजवलेला भात. त्या डब्या विणायला तो पहिल्याच वर्षी शिकला होता. कोकणातल्या माणसाच्या हातात झावळी दिली की पुढचं सांगावं लागत नाही. बीफ न खाणाऱ्यांसाठी त्याने गुपचूप वाटाण्याची उसळही केली होती. दातोंना सांगितलं, हे आमच्याकडचं सलाड.

दातो बाहेर आले. ठेंगणे, गोरटेले, रेशमी शर्टात. चाळीस माणसं बघून दारातच थांबले. मग हात जोडले, प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं आणि तो हात स्वतःच्या छातीला लावला. माझ्याजवळ आल्यावर इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, महाराष्ट्र. तिथल्या राजकारणाविषयी त्यांनी ऐकलं होतं. आमच्याकडेही आता पक्षांतरबंदीचा कायदा झालाय, असं जरा दुःखाने म्हणाले.

"आमच्याकडे केव्हापासूनच आहे," मी म्हटलं.

"मग थांबलं का?"

आम्ही दोघंही हसलो. खरं सांगतो, मला तो माणूस आवडला.

भाषण इंग्रजीत सुरू झालं आणि मलायमध्ये शिरलं. पाणी प्यायले, टाळी. आवाज चढला, टाळी. मग ते अगदी हळू बोलायला लागले, डोळे पुसले, आणि चाळीस माणसांनी एकाच वेळी मान हलवली. इतकं बेमालूम की मीही हलवली. तेवढ्यात नानांना राहवलं नाही. सवय हो. हात वर करून म्हणाले, "दातोसाहेब, आगे बढो..." आणि बाकीच्यांनी, कोणी न सांगता, "हम तुम्हारे साथ है."

विनूदादाच्या हातातला झारा खाली पडला. या देशात घोषणा देत नाहीत. वॉचमन खानसाहेबांनी धावत जाऊन गेट लावलं. "नारा मत लगाओ भाई, शादी का गाना गाओ," ते कळवळून म्हणाले. "खलास," विनूदादा पुटपुटला, "उद्या सगळे विमानात." मग कोणीतरी खरंच लग्नातलं गाणं धरलं आणि दातो त्यावर ठेका धरत बसले. बाहेरून कोणी आलं नाही. शेजाऱ्यांना वाटलं असेल, लग्नच आहे.

संध्याकाळी दातोंनी विनूदादाला मिठी मारली. घर सोडायचा विषय संपला होता. विनूदादाने खोलीत येऊन कडी लावली आणि म्हणाला, "झोप आता निवांत."

पण दुबईहून आलेल्या दातोंच्या भाच्याने फोनवर सगळं टिपलं होतं. टाळ्या, हलणाऱ्या माना, घोषणा. ते मलेशियात फिरलं. परदेशातही यांना एवढं मानतात, असं तिकडे लोक म्हणू लागले. ज्या पक्षाला ही घोषणा कुठल्या भाषेतली हे कळलं नाही, त्याला गर्दी मात्र कळली. मी दुबईचे टॉवर बघून परत आलो तोवर बोलणी झाली होती. निवडणूक न लढता सिनेटमध्ये घेणार, मग उपमंत्री. पक्ष या वेळी खरोखरच चौथा.

दाराशी भरलेल्या बॅगा होत्याच. नुसत्या उचलायच्या होत्या.

निघताना दातो विनूदादाला म्हणाले, "तुला तिकडे बोलावून घेतो." विनूदादाने मान हलवली, टाळी वाजवली नाही. नंतर भिंतीवरचे फोटो कागदात गुंडाळताना म्हणाला, "ज्यांना ज्यांना बोलावतो म्हणाले, ते सगळे इथं मागच्या रांगेत उभे आहेत बघ."

मी परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. लोक विचारतात, दुबईत काय बघितलंस. मी तो व्हिडिओ दाखवतो. दुसऱ्या रांगेत मी आहे, तोंड उघडं, हात वर. खाली मलायमध्ये काय लिहिलंय ते विनूदादाने विचारून सांगितलं: 'परदेशातले आपले बांधव.' येताना त्याने बेलाचानचा उरलेला डबा दिला होता. आईने तो सुकटीशेजारी ठेवला आणि म्हणाली, दोघी बहिणीच आहेत की.

विनूदादा आता मुसफ्फाच्या मेसमध्ये जेवण रांधतो आणि मारुतीनानांच्या वरच्या बंकवर झोपतो. गावचा सरपंच कोण हे त्याला सांगता येणार नाही, पण मलेशियाच्या सरकारला किती खासदार कमी पडतायत ते तो रोज बघतो. परवा फोन आला.

"गण्या, गडबड आहे तिकडे. एक गट फुटणार म्हणतात. पडतील ना रे दातो?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"पडले तर येतील इथंच. व्हिला अजून रिकामीच आहे, मी बघून आलो." मग म्हणाला, "आणि या खेपेला ईदला वीसच माणसं आणायची. नानांना सांगायचंच नाही."