गालिच्यावरचा आळ

नागोयाला असताना मी घरातली तातामी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असे. झालं, सांगून टाकलं एकदाचं. तातामी म्हणजे गवताची जाड चटई. जपानी खोलीत फरशीच्या जागी तीच घट्ट बसवलेली असते आणि तिला पाण्याचं वावडं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला, पुण्याहून एम.ए. करून आलेल्या विदुषीला, ठाऊक नव्हतं. केर काढला की पुसायचं, एवढंच आमच्या हाडात मुरलेलं. मी तर बादलीत थोडं फिनेलसुद्धा टाकत असे, म्हणजे बघा! आणि पुसून झालं की त्या ओलसर गवतावर लोकरीचा जाडजूड गालिचा परत पसरायचा. जूनमधली दमट हवा, खिडक्या बंद आणि आत मी, आपण किती स्वच्छ म्हणून स्वतःवर खूश.

गालिचा मोरोक्कोचा होता. कसा आला ते सांगते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवरा मोटारी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर म्हणून गेलेला, मी त्याच्यामागून. फ्लॅट कंपनीचा, पडदे कंपनीचे, भिंतींचा रंग पाणचट ताकाचा. सगळ्या मजल्यांवर तोच. सामानाची खोकी उघडली तर त्यात सासूबाईंनी निवडलेले डबे आणि लग्नात आलेल्या वस्तू. त्या घरात मी स्वतः पसंत केलेलं काही असेल तर दात घासायचा ब्रश.

मग ओसूच्या बाजारात, एका बोळात, एक मोरोक्कन गृहस्थ आणि त्याची जपानी बायको यांचं चिमुकलं दुकान सापडलं. जाळीदार पितळी दिवा लावला की छतभर ठिपके उमटायचे. छिन्नीने नक्षी कोरलेलं भलंमोठं तबक घडीच्या लाकडी पायांवर ठेवलं की झालं टेबल. चामड्याचं गोल बसकं तर चक्क रिकामं विकत, पोटात काय भरायचं ते आपलं आपण बघायचं. मी माझ्या जुन्या साड्या भरल्या आणि जागा उरली म्हणून ह्यांचा लग्नातला सूटही. ते त्यावर बसून चहा प्यायचे. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आणि गालिचा. डोंगरातल्या बायकांनी घरी विणलेला. दुधी रंगावर काळ्या नागमोडी रेघा, मधे लाल चौकटी, आणि एका कोपऱ्यात तो लाल एकदम विटकरी झालेला. मी विचारलं, असं का? दुकानदार म्हणाला, "विणणारीची लोकर संपली असेल. नाहीतर तिला कंटाळा आला असेल." मला तो कोपरा बघूनच गालिचा हवासा झाला.

तिथल्या मराठी मंडळींतली एक मैत्रीण घर बघून म्हणाली, "मोरोक्को? तुझं आजोळ तिकडचं का गं?"

"नाही ना! माहेरचं नाही, सासरचं नाही, कंपनीचं नाही. म्हणूनच आणलंय."

तर महिन्याभरात घरातून कुबट वास येऊ लागला. मी उदबत्त्या लावल्या. वास बधला नाही, जिन्यात गेला. एका रविवारी दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या ओकुसान उभ्या. तिथे लग्न झालेल्या बायकांना असंच म्हणतात, आणि या तर ह्यांच्या साहेबांच्या पत्नी, शिवाय त्या वर्षी इमारतीची देखरेख त्यांच्याकडे. कमरेत वाकून, अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, जिन्यात जरा ओलसर वास येतोय, आत बघू का?

आम्ही गालिचा एका बाजूने तबकाच्या टेबलापर्यंत गुंडाळला. खाली हिरवीकरडी बुरशी, शेवाळलेल्या हौदासारखी. ह्यांचा चेहरा पडला. ते जपानीत माफी मागत वाकत सुटले, मधेच माझ्याकडे वळून मराठीत, "तरी मी सांगत होतो, असली परदेशी लोकर इथे चालणार नाही! मोठा कचरा नेतात त्या दिवशी स्टिकर लावून सगळं खाली नेऊन ठेवतो. गालिचा, तबक, तो दिवा, सगळं."

मी गुंडाळलेल्या गालिच्यावर फतकल मारून बसले. "अहो, मग माझ्यावरही कचऱ्याचं स्टिकर लावा. आणि चार माणसं बोलवा, एकट्याला उचलायची नाही मी."

"अगं, त्या बघतायत!"

"बघू देत."

ओकुसान शांतपणे म्हणाल्या, कंपनीच्या घरांतून सगळे साधंच ठेवतात, तेच बरं. आणि बाकीची जमीन बघायला त्यांनी ह्यांच्या मदतीने तबकाचं टेबल बाजूला केलं आणि पलीकडून त्याखालचा गालिचा वर उचलला.

खाली बुरशी नव्हती. हिरव्याच्या मधोमध तबकाएवढी जागा कोरडी, सोनेरी, नव्यासारखी. तिथेही गालिचा होताच की! मी बघत राहिले आणि हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते तबक मला एकटीला हलत नसे. मी गालिचा दोन्ही बाजूंनी त्याच्यापर्यंत गुंडाळायची, तेवढंच पुसायची आणि ती जागा सोडून द्यायची.

आता पंचाईत अशी की गालिच्याला सोडवायचं तर मूर्ख मी, हे साहेबांच्या बायकोसमोर कबूल करायला हवं होतं. नाक उंच असलेली बाई होते हो मी. पण गालिचा जाण्यापेक्षा नाक गेलेलं परवडलं. शब्द येत नव्हते, म्हणून बादली आणली, फडकं भिजवून पिळलं आणि गुडघ्यांवर बसून हवेतच पुसून दाखवलं.

त्यांचा हात तोंडावर गेला. "रोज?"

"रोज."

"पाण्याने?"

"औषध घालून."

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मी उठले. माझं जपानी तेव्हा बालवाडीतलं, पण त्या दिवशी ते पुरलं. म्हटलं, "तातामी कंपनीची. चूक माझी. मी बदलून देणार. गालिचा माझा. चूक त्याची नाही. तो इथेच राहणार. दिवा पण. तबक पण."

हे कुजबुजले, "पुरे." मी म्हटलं, "झालंच."

ओकुसान खाली बसल्या, गालिच्याचं एक टोक उलगडलं. विटकरी कोपरा वर आला. त्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला, मागची बाजू उलटून ओल चाचपली, उठून स्कर्ट झटकला. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दारात बूट चढवता चढवता माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"आधी ते फडकं टाकून द्या. आणि हा वाळवायचा तर मागे लपवून नको, रस्त्याकडच्या गॅलरीच्या कठड्यावर घाला, ऊन तिकडेच येतं. कोणी काही म्हटलं तर माझ्याकडे पाठवून द्या."