कोळी म्हणजे कोळीच की!

गेल्या मंगळवारी सकाळी सांगोल्याचा माझा मामा न सांगता थेट कॉलेजात येऊन उभा राहिला. हातात गाठ मारलेली पिशवी, पिशवीत त्याच्या डाळिंबाच्या बागेतली माती... आणि चेहरा इतका उतरलेला, की मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. मामाच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की किडा-मुंगी कुठलीही असो, भाचीला ती ठाऊक असणारच.

गेल्या वर्षी मर रोगाने त्याची बारा झाडं उभी वाळली. तेव्हापासून तो बागेत भिंग घेऊनच फिरतो. येण्याच्या आदल्या दिवशी खोडाजवळचा पालापाचोळा उचलला, तर खाली खसखशीहून बारीक तपकिरी ठिपके चालताना दिसले... भिंगातून पाहिलं तर आठ पायांचे.

म्हणजे कोळी! पानांचा रस शोषणारा लाल कोळी मामाने आयुष्यभर फवारून मारलाय. आता तोच मुळाशी उतरला, असं त्याने धरलं. कोळीनाशक आणून ठेवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ते अख्ख्या बागेला मुळाशी ओतायचं होतं.

"तू डोस तेवडा सांग. मातीतला हाय, म्हंजे जरा जास्तच लागंल."

आधी बघू तरी, असं मी म्हटल्यावर तो वैतागलाच. "त्यात काय बघायचं? कोळी म्हंजे कोळीच की!"

खरं सांगते, मलाही खात्री नव्हती. मातीतल्या कोळ्यांवर मी वर्गात दरवर्षी दोन ओळी सांगते आणि पुढच्या धड्याकडे वळते... स्वतः कधी बघितलेच नव्हते.

लॅबमध्ये नरसाळ्यात जाळी बसवली, त्यावर ती माती आणि वर बल्ब. हे जीव उजेडापासून आणि उष्णतेपासून पळत खाली सरकतात आणि बरणीत पडतात. मामा स्टुलावर बसून राहिला, तिथेच माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. दुपारी बरणीतल्या ओल्या कागदावर ठिपके हलायला लागले.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि... काय सांगू! एक चिंचोक्यासारखा तुकतुकीत. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना ढाली, पाय त्याखाली लपवलेले. तिसऱ्याला ब्रशचा केस लावला, तर त्याने डोकं नि पाय आत ओढून स्वतःला डबीसारखं बंदच करून घेतलं. मिनिटभराने झाकण किंचित उघडलं आणि एक पाय बाहेर आला.

पुस्तक काढलं. हे ओरिबॅटिड. कोळीच, पण लाल कोळ्याची शाखाच वेगळी. यांच्या हजारो जाती, आणि त्या ओळखताना पाठीवरचे केससुद्धा मोजायचे! बहुतेकांचं खाणं म्हणजे पडलेला पाला आणि बुरशी... पाल्याची माती होते त्यात यांचा हात असतो.

लाल कोळ्याची पिढी आठवडा-दोन आठवड्यांत तयार होते. यांना मोठं व्हायला महिने लागतात, काहींना वर्षं, आणि अंडीही मोजकीच. म्हणजे दुसऱ्या दिवशी ते औषध ओतलं असतं, तर हे इतक्यात परत आले नसते.

मग मामाने डोळा लावला. बराच वेळ हललाच नाही. मला वाटलं, डुलकी लागली की काय...

"ह्यास्नी मारायला निगालो हुतो व्हय मी?" एवढंच म्हणाला.

बरणीतले सगळे जीव त्याने हलक्या हाताने मातीत परत सोडायला लावले आणि पिशवी घेऊन एसटी पकडली.

बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. औषधाचा डबा दुकानात परत गेला होता, माती झाडाखाली पोचली होती, वर पाला पांघरून पाणीही शिंपडलं होतं.

"पर आता लई पंचाईत झाली बग," मामा म्हणाला. "बागंत पाय कुटं ठेवू?"

मी खूप हसले. फोन ठेवून कॉलेजच्या गेटातून आत शिरले, लिंबाच्या झाडाखाली वाळक्या पानांचा थर होता... आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला वळसा घालून गेले.