तेल लावलेला भाचा

ती घटना आठवली की माझा हात आजही डोक्याकडे जातो. तेव्हा तिथे केस होते आणि पोलीस ठाण्यातल्या माझ्या कपाटात तेलाची बाटली. ती मीच, मोठ्या मनाने, आरोपीला दिली.

एका खाण कंपनीचा एका गावाशी करार व्हायचा होता. गावाला नफ्यात वाटा, दवाखाना, नोकऱ्या. म्हातारा मुखिया एकाच गोष्टीवर अडला होता: गावच्या ओढ्याला हात लावायचा नाही. सह्यांसाठी मंडळी कोलकात्याला आली आणि आदल्या सकाळी मुखियाच नाहीसा झाला. तो मिळाला नाही तर त्याचा भाचा सही करणार होता, ओढ्याचं कलम वगळून.

तक्रार द्यायला मुखियाची बायको आणि हा चाळिशीचा भाचा आले. भाचा ढसाढसा रडला. मग तोंड धुऊन त्याने तेल मागितलं. किती नीटनेटका माणूस, असं मला वाटलं.

खबरही त्यानेच दिली: मामाला दोघांनी गार्डन रीचच्या एका गोदामात नेलंय. मी फौजफाट्यासह छापा घातला आणि पोत्यांवर झोपलेल्या म्हाताऱ्याला "घाबरू नका बाबा, पोलीस आलेत" म्हणत उचललं. तो तिथला पहारेकरी निघाला. कोलकात्यात जन्मूनही बंगालीतल्या काही शिव्या मी त्या दिवशी प्रथम ऐकल्या.

संध्याकाळी परतलो तर म्हातारी बाकावर तशीच बसलेली, भाच्याच्या चकाकत्या डोक्याकडे एकटक बघत.

"काय झालं, मावशी?"

"आमच्यात घरचं माणूस हरवलं की सापडेपर्यंत कुणी तेल लावत नाही, बाबू."

भाच्याला आत घेतलं.

"तेल का लावलंस?"

"सवय, साहेब."

"मामीला नाही सवय?"

त्याने घाईने रुमालाने डोकं पुसलं.

"मामा सुखरूप आहे हे तुला ठाऊक आहे. पण त्याचं काही बरंवाईट झालं, तर कंपनी म्हणेल, हा भाचा कोण?"

त्याने मान खाली घातली. "उद्या सही झाली की सोडणार होते." कंपनीच्या माणसांनी त्याला ट्रकचं कंत्राट कबूल केलं होतं.

मामाला कोंडलेला फ्लॅट बालीगंजमध्ये, माझ्याच घरामागच्या गल्लीत होता. दार तोडलं. मुखियाने आधी विचारलं, "ओढा गेला?"

"नाही."

मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

पुढे कंपनीला गावात जाऊन, सगळ्यांसमोर, ओढ्याच्या कलमासकट सही करावी लागली. मी मात्र एक धडा घेतला. रडणं कुणालाही जमतं; लहानपणापासूनची रीत माणूस कधी मोडतो, ते बघावं.

त्या रात्री ठाण्यात म्हातारीने नवऱ्याला एकदा नीट निरखलं. तिने माझ्यापुढे हात केला. "बाबू, आता तेल दे."

बाटली भाच्याने संपवली होती. कॉन्स्टेबलला दुकानात पिटाळलं.