मामाच्या पाच देशांचा बेत

सुरुवातीलाच माफी मागतो. युरोपातल्या गाडीच्या प्रवासाबद्दल मी लिहायला बसलो आहे आणि मी स्वतः मुंबई आणि कोकणातलं आमचं गाव यापलीकडे फारसा कुठे गेलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहायची सवय म्हणाल तर उत्तरपत्रिकेपुरती, तीही पुरवणी न मागणाऱ्याची. जे लोक खरंच तिकडे जाऊन आले आहेत त्यांनी हे वाचून हसू नये, एवढीच विनंती. मी फक्त बेत आखला होता. पण तो इतक्यांदा आखला, खोडला आणि पुन्हा आखला, की त्या रस्त्यांवरून मीच गाडी हाकून दमलो आहे असं अजून वाटतं.

बेत मामाचा होता. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. घोडपदेवच्या चाळीत तो आणि मामी राहतात. परळच्या एका हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. लालबाग, भायखळा, शिवडी, दादर, फार तर सायन. एवढ्याशा टापूत तो आयुष्यभर गाडी पळवत राहिला आणि प्रत्येक वेळी मागे कुणीतरी आडवं. स्वतःची गाडी त्याने कधी घेतली नाही. गावाला जायचं ते एसटीने. मामी त्याच्या गाडीत एकदाच बसली होती, तीही मागे, स्ट्रेचरवर. त्या दिवसाबद्दल दोघंही बोलत नाहीत.

लहानपणी मी त्याला विचारलं होतं, मागे माणूस ओरडत असतो तेव्हा तुला भीती नाही वाटत?

"कण्हतोय तोवर बरं असतं रे," तो म्हणाला होता. "मागचा गप्प झाला की मग भीती."

निवृत्त झाल्यावर त्याने एकच इच्छा बोलून दाखवली. "एकदा अशी गाडी चालवायचीय की मागं कोण कण्हत नाय. लांबवर. तुझ्या मामीला मागं बसवून."

"मग भाड्याने गाडी घेऊन गावाला जाऊ या की."

"गावाक? त्या रस्त्यात? खड्ड्यांनी धडधाकट माणूस कण्हायला लागतो."

त्यांची मुलगी, माझी ताई, दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात नर्स आहे. तिने हे ऐकलं आणि ती म्हणाली, "बाबा, इकडे या. मी रजा साठवून ठेवलीय. गाडी तुम्ही चालवायची." तिथलं लायसन्स काढणं तिला अजून जमलं नव्हतं, म्हणजे चालवणार तो मामाच. त्यातच मामाच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू सध्या औषधाने आटोक्यात आहे, यंदा चालवा, पुढच्या वर्षीचं तपासल्यावर सांगेन. त्यामुळे जे काही व्हायचं ते यंदाच व्हायला हवं होतं.

"तू कॉलेजात जातोस ना?" मामा मला म्हणाला. "मग बेत तू कर."

आमच्याकडे हे असंच असतं. कॉलेजात जातो म्हणजे बँकेचा अर्ज मीच भरायचा, औषधाच्या डब्यावरचं मीच वाचायचं आणि युरोपही मीच ठरवायचा. तेव्हा माझं सकाळी कॉलेज असे आणि दुपारनंतर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत डेटा एंट्री. रविवार तेवढा मोकळा. तो मी मामाच्या खोलीत, बांगड्याचं जेवण झाल्यावर, नकाशा उघडून घालवू लागलो.

मामाच्या डोक्यात गावचा प्रवास होता. "पहाटे चारला निघायचं, संध्याकाळी पॅरिस."

"मामा, नकाशा आठ तास दाखवतोय. मामीचा गुडघा आहे, दर दोन तासांनी उतरायला लागेल. रस्त्याची सवय नाही. स्टिअरिंग डावीकडे."

"मी सिग्नल तोडून हॉस्पिटल गाठलेला माणूस आहे."

"तिकडे सिग्नल तोडलास तर ताईच्या घरी पावती येईल."

पॅरिस काढलं तेव्हा गॅलरीत खळबळ झाली. समोरच्या खोलीतले एक काका बनियनवरच आत आले. "पॅरिस नाय? मग युरोप कसला? एवढं जाऊन नुसते डोंगर बघणार? डोंगर काय महाबळेश्वरला नाय?" कोणी लंडन सुचवलं, तर त्याचा व्हिसा वेगळा. एका बाईंनी स्पेन सांगितलं, कारण त्यांच्या नणंदेचा मुलगा तिथे जहाजावरून उतरला होता. मी सगळ्यांचं ऐकून घेई आणि मान हलवत एकेक देश खोडी. खोडताना उगीच अपराधी वाटायचं, जणू मी कुणाच्या तोंडचा घास काढतोय.

शेवटी एक गोल ठरला. जिथे गाडी घ्यायची तिथेच परत द्यायची, कारण दुसऱ्या देशात सोडली तर भाडे कंपनी फार जास्त आकारते. जर्मनीतून ऑस्ट्रिया, डोंगर ओलांडून इटलीचा वरचा कोपरा, तिथून स्वित्झर्लंड आणि तळ्याच्या काठाने परत जर्मनी. दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त चालवणं नाही, एका गावी दोन रात्री. कुठल्या देशात काचेवर लावायचं टोलचं स्टिकर आधी घ्यावं लागतं, कुठल्या जुन्या शहरात बाहेरची गाडी नेली की दंड होतो, गाडी कोणत्या देशांत नेणार हे कंपनीला आधी कळवावं लागतं, हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. सर्वांत जास्त रात्री जर्मनीत, म्हणून व्हिसाचा अर्जही तिथलाच. समोरच्या काकांचं समाधान व्हावं म्हणून वाटेवरचा एक चिमुकला देशही धरला. "पाच झाले," ते म्हणाले. "आता सांगायला बरं."

मामा तयारीला लागला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि उजव्या हाताशी छत्री उभी धरून गिअर बदलायचा. मामी आतून ओरडे, "अहो, ती छत्री मोडेल. आणि पाय कशाला आपटताय, खालचे वर येतील!"

अर्ज गेला आणि वाट बघणं सुरू झालं. आठवडा गेला, आणखी एक गेला. काही कळेना. अशात कॅलेंडरवर मामीला एक चांगला दिवस सापडला आणि तिने प्रस्थान ठेवायचं ठरवलं. आमच्यात ही रीत आहे. प्रत्यक्ष निघणं लांबणार असेल तर चांगल्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथून सुरू झाला असं धरायचं. ती पिशवी मग परत घरात आणायची नाही, जाताना शेजाऱ्यांकडूनच उचलून पुढे निघायचं.

मामीने कापडी पिशवीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक नवी साडी ठेवली. मामाने आपलं लायसन्स आणि मी धावपळ करून काढून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिटही त्यात टाकलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"गाडी चालवणारा आधी निघायला पाहिजे. आणि घरात मी वस्तू खंय ठेवतो ता माझा माकाच आठवणा नाय. हिच्यात ठेवलं की विसरायचा प्रश्नच नाय."

पिशवी शेजारच्या काकूंकडे गेली. काकू बौद्ध, महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्या, बोलायला खमक्या. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मुहूर्ताशी माझं काय देणंघेणं नाय. पण पिशवी ठेवा. फ्रिजच्या बाजूला जागा आहे."

व्हिसा येईना. ठरलेली तारीख निघून गेली. मी हॉटेलं पुढे ढकलली, गाडीचं बुकिंग पुढे ढकललं, ताईने रजा पुढे ढकलली. मामी रोज विचारायची आणि माझ्याकडे रोज तेच उत्तर असायचं. मी गॅलरीत दिसलो की काकू म्हणायच्या, "अरे, तुमचा युरोप माझ्या फ्रिजला टेकून बसलाय. केर काढायला उचलावा लागतो."

मग एके दिवशी पासपोर्ट आले आणि सगळ्याचीच घाई झाली. विमान दुसऱ्याच दिवशीचं मिळालं. मामीने कडबोळी तळली, आईने मालवणी मसाला बांधून दिला, टॅक्सी गल्लीत उभी राहिली आणि अख्खी चाळ जिन्यात. कुणी हातावर दही ठेवतंय, कुणी नारळ देतंय, समोरचे काका मामाला सांगतायत, "उजव्या बाजूने चालव हां, उजव्या." काकू मात्र त्या दिवशी नायगावला लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या खोलीची एक किल्ली नेहमी मामीच्या जुडग्यात असते, ती मामीबरोबर जर्मनीला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. "मामा पोचले का तुझे?"

"पोचले."

"मग गाडी काय कडबोळ्यांवर चालवणार? पिशवी इथंच आहे रे, फ्रिजला टेकून."

मामीला वाटलं होतं मामाने उचलली, मामाला वाटलं मामीने. विसरू नये म्हणून जिथे ठेवली होती तिथेच ती राहिली.

लायसन्सशिवाय भाड्याची गाडी मिळणार नव्हती. मी आणि काकू पिशवी घेऊन दादरच्या एका कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने एकेक वस्तू बाहेर काढली. "धान्य नाही जाणार. सुपारी नाही. हे पिवळं काय आहे?"

"हळकुंड."

"हेपण नाही."

मी मामीला फोन लावला. तिचा आवाज रडवेला झाला. "सुटी नको करू रे ती पिशवी. एकत्र निघालेलं आहे, एकत्रच येऊ दे. नाहीतर काहीतरी होतं."

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "वहिनी, ऐका. ड्रायव्हरला पुढं पाठवते. बाकीचं सामान तुम्ही येईपर्यंत माझ्याकडं बसेल. मुहूर्त मोडला तर माझ्या नावावर घाला. मला लागू नाय तो."

पलीकडे मामी रडता रडता हसली असावी, कारण काकू म्हणाल्या, "हां, असं."

लायसन्स गेलं. आणि तिथल्या कस्टममध्ये अडकलं. पाकीट कुठवर पोचलं ते मी रोज सकाळी फोनवर बघायचो आणि रोज तीच ओळ. एकीकडे ताईची रजा संपत होती. मी रोज कंपनीला मेल करायचो की गाडी उद्या घेऊ. मग परवा. प्रत्येक दिवसागणिक बेतातलं काहीतरी काढावं लागे. आधी इटली गेली. मग स्वित्झर्लंड, त्याच्याबरोबर काकांचा तो चिमुकला देशही. महिनोन्महिने कुठे थांबायचं, कुठे चहा प्यायचा, कुठल्या घाटात मामीला उलटी होईल, हे मी ठरवलं होतं. आता तीच हॉटेलं मी एकेक करून रद्द करत होतो. ऑफिसात आकडे भरताना डोळे मिटायचे. कुणावर रागवावं तेही कळत नव्हतं.

मामा फोनवर कमी बोलायचा. "इथं खिडकीतनं मोठा रस्ता दिसतो रे. गाड्या नुसत्या सरळ जातायत. एक हॉर्न नाय." मग, "तुझी मामी ताईचं कपाट लावतेय. मी खाली जाऊन पोस्टमनची वाट बघतो." दुसऱ्या एका दिवशी म्हणाला, "नाय झालं तर नाय झालं. तू वाईट वाटून घेऊ नको." तो असं म्हणाला की मला जास्तच वाईट वाटायचं.

सोमवारी ताई ड्युटीवर हजर होणार होती. शुक्रवारीही फोनवर तीच ओळ. शनिवारी ती बदलली, पाकीट पोचलं असं दिसलं. मी फोन केला, कुणी उचलला नाही. मेसेज केला, बघितला गेला नाही. रविवारचा अख्खा दिवस तसाच. मी नेहमीच्या सवयीने मामाच्या चाळीत गेलो, पण त्यांच्या दाराला कुलूप. काकूंनी चहा दिला. पिशवी फ्रिजला टेकून होती.

सोमवारी सकाळी लालबागहून चालत कॉलेजला निघालो होतो तेव्हा फोन वाजला. मामाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मी मसाल्याच्या दुकानांच्या ओळीत, फूटपाथच्या कडेला उभा राहून ऐकला.

"भाच्या, ऐक. काल गाडी चालवली. पलीकडे ऑस्ट्रियात गेलो, एका तळ्याकडे जेवलो, परत आलो. हद्द कधी गेली कळलं पण नाय, ताईने सांगितलं तेव्हा कळलं. ताई माझ्या बाजूला बसलेली, रस्ता सांगायला. मामी मागं. जाताना बडबड चाललेली तिची, ह्या गायी बघा, ती घरं बघा. परत येताना घाट उतरत होतो नि मागनं आवाजच येईना. मी हाक मारली. उत्तर नाय. परत मारली. गाडी बाजूला घेतली, चारी इंडिकेटर लावले, उतरून मागचं दार उघडलं."

इथे नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. मग मामाचा आवाज परत आला, हळू, जणू शेजारी कोणी झोपलेलं असावं.

"झोपली होती. तोंड उघडं टाकून, डोकं काचेला लावून. मी परत येऊन बसलो नि हळूहळू चालवत राहिलो. घर येईपर्यंत उठवली नाय तिला."