नव्या वस्तीतला गॅस

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नव्या वस्तीतल्या गॅसचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते.

सत्तरचे दशक होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि मी त्या भागातल्या एका लहान शहरात ठाणेदार होतो. रॉकेलची टंचाई इतकी, की दुकानापुढची भांडणे सोडवायला शिपाई पाठवावा लागे. नगरपालिकेने त्या वेळी एक चांगली योजना आखली. गुरांच्या बाजाराला लागून नवी वस्ती वसवायची, बाजारातल्या शेणावर मोठा गोबरगॅस चालवायचा आणि पाण्याच्या नळासारखा गॅस घरोघर पोचवायचा. विटांनी बांधलेली खोल विहीर, तिच्यात शेणाचा काला आणि वर लोखंडी झाकण. मंत्र्यांच्या हस्ते पहिली शेगडी पेटली. बंदोबस्ताला मीच उभा होतो.

त्यानंतर काही दिवसांनी रिठदकडची एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा त्या विहिरीच्या कामावर मजूर होता. तो घरी परतला नव्हता. मुकादमाने तिला सांगितले होते, की टोळीबरोबर धरणाच्या कामावर गेला.

"साहेब, थो मले सांगतल्याबिगर कुठीच जात नाही," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी माणूस हरवल्याची नोंद घेतली आणि धरणावर शिपाई पाठवला. टोळी तिथे होती, हा माणूस नव्हता. मजुरांपैकी कोणी तोंड उघडेना.

मग बाजाराच्या दिवशी नव्या वस्तीतल्या एका शिक्षकाची बायको ठाण्यात आली. हातात भाजीची पिशवी होती. बसायला सांगितले तरी बसली नाही.

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी खिडकीतून पाह्यलं, साहेब. विहिरीवर झाकण नोहोतं. 'दोर आणा, दोर आणा' म्हणून माणसं ओरडून राह्यली होती. मंग एकदम चूप. संध्याकाळी पाह्यलं तं झाकण बसवलेलं."

"इतके दिवस का बोलला नाहीत?"

"मास्तर म्हणे, घर नगरपालिकेनं देलं, आपण कायले मधात पडावं? पण मले आता त्या शेगडीवर भाकर टाकवत नाही."

मी मुकादमाला बोलावले. संशयिताशी बोलताना आपल्याला काय ठाऊक आहे ते कळू द्यायचे नसते. त्याला चहा दिला, विटा कुठून आणल्या ते विचारले, आणि मग सहज म्हणालो, "झाकण चढवायला किती माणसं लागली?"

"साहेब, आतमंदी कोणी नोहोतं!"

"आत कोणी होते असे मी कुठे म्हटले?"

त्याने कप खाली ठेवला आणि तो रडू लागला.

चाचणीसाठी भरलेल्या काल्याने आतली नळी चोंदली होती. झाकण काढून, थोडा काला उपसून, त्या मजुराला शिडीने खाली उतरवले. आत साचलेल्या वायूने घेरी येऊन तो काल्यात पडला. मुकादम दोर घेऊन उतरू लागला, पण त्यालाही चक्कर आली आणि तो अर्ध्यातून वर आला. कामावरचा ओव्हरसियर घाबरला. मंत्री दुसऱ्या दिवशी येणार होते.

"ओव्हरसियर म्हणे, थो तं गेलाच. झाकण बसवा, कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मंग पाहू," मुकादम म्हणाला. "मंग कोणी पाह्यलं नाही, साहेब." मजुरांची टोळी त्यांनी लगेच धरणावर हलवली होती.

पंच घेऊन विहीर उघडायला गेलो तेव्हा नगराध्यक्ष आडवे आले.

"ठाणेदारसाहेब, साऱ्या वस्तीचा स्वयंपाक बंद पडेल."

"पडू द्या," मी म्हणालो.

दिवसभर काला उपसला आणि प्रेत बाहेर काढले. वस्तीतली माणसे लांब उभी होती. त्या गॅसवर प्रत्येक घरात अन्न शिजले होते. एक म्हातारी ओकली.

हयगयीने मृत्यू घडवणे आणि पुरावा नाहीसा करणे, या दोन्ही आरोपांत ओव्हरसियरला आणि मुकादमाला शिक्षा झाली. योजना बंद पडली. योजनेत काही वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. रस्ते, नळ्या, शेगड्या, सगळ्याचा विचार झाला होता. विहिरीत उतरलेला माणूस वर कसा यायचा, एवढाच झाला नव्हता.

शवविच्छेदनानंतर प्रेत ताब्यात घेताना त्या बाईने मला विचारले, "साहेब, झाकण लावलं तवा थो जिता होता काय?"

हा प्रश्न मी आधीच विचारून पाहिला होता. डॉक्टर म्हणाले, इतक्या दिवसांनी सांगता येत नाही. मुकादम म्हणाला, हाका मारल्या, त्याने ओ दिली नाही. 'नव्हता' म्हणालो असतो तर तिला तेवढाच धीर आला असता. पण तिला आधीच एकदा खोटे सांगून घरी पाठवले गेले होते.

"माहीत नाही, बाई," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पदर खोचला आणि प्रेताला एका बाजूने स्वतः खांदा दिला.

त्यानंतर नोकरीभर 'गेला असेल कुठेतरी कामाला' हे उत्तर मी कोणाकडूनही मानले नाही. माणूस दाखवा, म्हणायचो. बहुतेक वेळा तो खरोखरच कामावर सापडायचा आणि शिपाई फुकटच्या खेपेबद्दल कुरकुरत परत यायचा. ती कुरकुर ऐकायला मला बरे वाटायचे.