सत्तर तासांचा डाव

हाताला मशीनवरच्या कूलंटचा वास आला की मला कारखान्यात असतानाची कुरुळीची भाड्याची खोली आठवते. मी आणि माझा रूममेट उलट्या शिफ्टला असायचो, म्हणून एकच लांबलचक जपानी व्हिडिओ गेम आलटून पालटून खेळायचो. गोष्ट जीव लावणारी, पण त्याच त्या लढायांनी डोकं उठायचं. एकदा नुसतं सुरुवातीचं संगीत ऐकायला म्हणून मी नवा डाव उघडला आणि चुकून आमच्या सत्तर तासांच्या डावावरच सेव्ह केला. तो कामावरून आल्या आल्या मी त्याला सगळं सांगून टाकलं. हात पुसत तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ राव. मशीनचा प्रोग्राम बदलायच्या आधी आम्ही जुन्याची कॉपी ठेवतो, तशी मी रोज गेमचीपण ठेवतो." त्याने लगेच ती कॉपी परत टाकली. माझ्या त्या दिवशीच्या लढाया तेवढ्या गेल्या होत्या. त्या परत खेळताना मला पहिल्यांदाच कंटाळा आला नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.